आधी पक्ष, मग आकडेमोड: दहावीच्या बीजगणित-भूमितीची उदाहरणे सोडवताना

महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत गणित भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती यांच्या प्रत्येकी ४० गुणांच्या दोन लेखी प्रश्नपत्रिका असतात आणि प्रत्येकीसाठी दोन तास मिळतात. वेळ पुरत नाही, अशी तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याची वही पाहिली, तर उदाहरण पुरते वाचून होण्याआधीच समीकरण मांडल्याच्या आणि मग ते खोडल्याच्या खुणा तिच्यात बहुधा सापडतात. भूमितीत सिद्धतेपूर्वी पक्ष (दिलेली माहिती) आणि साध्य (जे सिद्ध करायचे ते) लिहिण्याची जी शिस्त आहे, तीच बीजगणितातही पाळली, तर यातली बरीचशी खोडाखोड टळते.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे आणि अंकांची अदलाबदल केल्यास मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे. तर मूळ संख्या कोणती? येथे ‘क्ष मानू’ एवढे लिहून भागत नाही. ‘दशकस्थानचा अंक क्ष आणि एककस्थानचा अंक य मानू’ असे पूर्ण वाक्य लिहावे आणि लगेच त्याखाली मूळ संख्या १०क्ष + य व नवी संख्या १०य + क्ष, असे मांडून ठेवावे. अनेक जण संख्या सरळ ‘क्षय’ अशी लिहितात. पण चले शेजारी लिहिली की त्यांचा गुणाकार होतो (मराठीत भलताच रोग होतो, ते निराळे). आता क्ष + य = ९ हे पहिले समीकरण झाले. दुसरे, १०य + क्ष = १०क्ष + य + २७, सोपे केले की य – क्ष = ३ मिळते. दोन्हींची बेरीज केल्यास २य = १२, म्हणून य = ६, क्ष = ३ आणि संख्या ३६. पडताळा मात्र समीकरणात नव्हे, तर उदाहरणाच्या शब्दांत घ्यावा, कारण समीकरणच चुकीचे मांडले असेल तर चुकीचे उत्तरही त्यात चपखल बसते. येथे ६३ मधून ३६ वजा केल्यावर २७ उरतात आणि ३ + ६ = ९ होतात.

वर्गसमीकरणात या पडताळ्याचे मोल अधिक कळते. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी घातलेले एक कोडे असे आहे: वानरांच्या कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत शिरली आणि एक वानर फांदीवर दिसले, तर एकूण वानरे किती? एकूण संख्या क्ष धरली, तर अपूर्णांकाचा वर्ग करत बसावे लागते. त्याऐवजी पाचवा भाग क्ष धरावा, म्हणजे कळप ५क्ष होतो आणि (क्ष – ३)² + १ = ५क्ष हे समीकरण मिळते. यावरून क्ष² – ११क्ष + १० = ० येते; अवयव पाडून क्ष = १० किंवा क्ष = १, म्हणजेच वानरे ५० किंवा ५. दोन्ही उत्तरे धन आहेत, म्हणून ‘ऋण उत्तर सोडून द्यावे’ हा पाठ केलेला नियम येथे कामाचा नाही. परंतु कळप ५ चा मानल्यास पाचवा भाग १ होतो आणि १ मधून ३ वानरे वजा करता येत नाहीत. भास्कराचार्यांनीही ५ हे उत्तर याच कारणाने नाकारले होते. उत्तर नाकारताना असे कारण एका वाक्यात लिहावेच.

भूमितीत प्रथम कच्ची आकृती काढावी, पण त्रिकोण समभुज किंवा समद्विभुज दिसेल अशी काढू नये; नाहीतर पक्षात नसलेली समानता डोळ्यांना दिसू लागते आणि नकळत सिद्धतेत शिरते. त्यानंतर साध्यापासून मागे विचार करत यावे. बाह्यबिंदूपासून वर्तुळाला काढलेले स्पर्शिकाखंड एकरूप असतात, हे सिद्ध करायचे आहे. म केंद्र, प बाह्यबिंदू आणि अ, ब स्पर्शबिंदू आहेत. रेख पअ आणि रेख पब एकरूप दाखवायचे, तर ते ज्यांच्या संगत बाजू ठरतील असे दोन त्रिकोण हवेत. आकृतीत ते दिसत नाहीत, म्हणून रचना करून रेख मअ, रेख मब आणि रेख मप काढावेत. आता त्रिकोण पअम आणि त्रिकोण पबम यांत अ आणि ब येथील कोन काटकोन आहेत (स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय), कर्ण मप सामाईक आहे आणि मअ व मब एकाच वर्तुळाच्या त्रिज्या आहेत. म्हणून कर्णभुजा कसोटीने त्रिकोण एकरूप होतात. प्रत्येक विधानापुढे त्याचे कारण कंसात लिहावे आणि शिरोबिंदूंचा क्रम संगतीनुसारच ठेवावा, कारण क्रम चुकला की कोणती बाजू कोणत्या बाजूशी संगत आहे, हेच चुकते.

याच आकृतीत त्रिज्या ५ सेमी आणि मप १३ सेमी दिली असेल, तर पअ² = १६९ – २५ = १४४, म्हणून पअ = १२ सेमी. मात्र पायथागोरसचे प्रमेय वापरण्याआधी कोन पअम काटकोन आहे, हे कारणासह लिहिलेले असले पाहिजे.