इंदूरच्या घरात थर्मोस्टॅट आणि खोलीवार थंडाव्याची जोडणी

परदेशी मार्गदर्शिका वाचून घरात थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून यंत्र चालू-बंद करणारा नियंत्रक, बसवायला निघालेल्या माणसाची पहिली अडचण ही असते की, त्या मार्गदर्शिकांतले घर आणि आपले घर यांची रचनाच निराळी आहे. तिकडे एकाच यंत्राची हवा नळांतून घरभर फिरते, भिंतीवरचा थर्मोस्टॅट 24 व्होल्टच्या बारीक तारांनी त्या यंत्राला जोडलेला असतो, आणि झोन, म्हणजे वेगवेगळे तापमान राखता येणारे घराचे भाग, पाडायचे तर त्या नळांत झडपा बसवायच्या. आपल्याकडे टिळक नगर असो की सुदामा नगर, बैठकीत एक स्प्लिट एसी, झोपायच्या खोलीत दुसरा आणि मागच्या खिडकीत कूलर अशीच मांडणी बहुधा दिसते. म्हणजे झोन आधीच पडलेले आहेत. नाही ती त्या सगळ्यांवर एकत्र नजर ठेवणारी व्यवस्था. तेव्हा 24 व्होल्टचा थर्मोस्टॅट ऑनलाइन कितीही स्वस्त दिसला तरी घेऊ नये, कारण घरगुती स्प्लिट एसीला तो सरळ जोडता येत नाही आणि 230 व्होल्टच्या लाइनला चुकून लागला तर जळतो.

खरेदीची सुरुवात सेन्सरपासून करावी. प्रत्येक खोलीत तापमान आणि आर्द्रता दोन्ही मोजणारा एक सेन्सर लागतो, आणि एक बाहेर, उत्तरेकडच्या भिंतीवर, ऊन व पाऊस लागणार नाही अशा जागी. खोलीतला सेन्सर जमिनीपासून सुमारे सव्वा ते दीड मीटर उंचीवर, माणसे जिथे बसतात किंवा झोपतात त्या बाजूला असावा. दुपारनंतर तापणारी पश्चिमेची भिंत, स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत, टीव्हीची मागची बाजू आणि एसीच्या थेट झोतातली जागा टाळावी. लावण्यापूर्वी सगळे सेन्सर रात्रभर एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवावेत आणि त्यांच्या आकड्यांतला फरक सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळले तर पुढे दोन खोल्यांची तुलना करणारा प्रत्येक नियम चुकतो.

मध्यवर्ती व्यवस्था म्हणून होम असिस्टंट हे घरातली उपकरणे एकत्र चालवणारे सॉफ्टवेअर घ्यावे असे माझे मत आहे, कारण ते घरातल्याच छोट्या संगणकावर चालते आणि इंटरनेट गेले तरी स्थानिक उपकरणांचे काम थांबत नाही. संगणक आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत. नवे यंत्र घेणार असाल तर त्यावर मॅटरचे, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणे एकमेकांशी जोडणाऱ्या मानकाचे, चिन्ह आहे का ते पाहावे. या मानकात खोलीचे एसी ऑक्टोबर 2023 मधल्या 1.2 आवृत्तीपासून आले आहेत. घरातले जुने एसी मात्र इन्फ्रारेड रिमोटचेच असणार, आणि खरी कसोटी तिथेच आहे.

एसीचा रिमोट बहुतेक वेळा एकेक बटण वेगळे पाठवत नाही. प्रत्येक दाबाला तो चालू-बंद, तापमान, मोड आणि पंख्याचा वेग ही सगळी स्थिती एका संदेशात पाठवतो. त्यामुळे आयआर ब्लास्टरकडून, म्हणजे रिमोटसारखेच इन्फ्रारेड संदेश पाठवणाऱ्या छोट्या उपकरणाकडून, ‘26 अंश, कूल, पंखा मध्यम’ असा पूर्ण आदेश देता येतो. पण हा संवाद एकतर्फी असतो. पडदा आड आला किंवा कोणी मूळ रिमोटने एसी बंद केला, तर व्यवस्थेच्या लेखी तो चालूच राहतो. त्यावर उपाय म्हणजे एसीच्या लाइनवर वीज मोजणारा क्लॅम्प बसवणे. आदेशानंतर काही मिनिटांनीही वीज वाढली नाही, तर आदेश पुन्हा पाठवावा आणि दुसऱ्यांदाही फसला तर फोनवर सूचना द्यावी. क्लॅम्प एमसीबीच्या पेटीत बसतो, म्हणून ते काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

इन्व्हर्टर एसीला बाहेरच्या थर्मोस्टॅटने सतत चालू-बंद करणे चुकीचे आहे, आणि स्मार्ट प्लगने त्याची वीज तोडणे त्याहून वाईट. त्याचा काँप्रेसर वेग कमी-जास्त करण्यासाठीच बनवलेला असतो. त्याला ते करू द्यावे आणि आपण फक्त लक्ष्य तापमान सरकवावे. इनडोअर युनिटमधला सेन्सर छताजवळची हवा मोजतो, आपला सेन्सर पलंगाजवळची. पलंगाजवळ हव्या त्या तापमानापेक्षा एक अंश जास्त दिसले तर एसीचे लक्ष्य एक अंशाने खाली आणावे, कमी दिसले तर वर न्यावे, आणि हा बदल पंधरा मिनिटांतून एकदाच करावा. 1 जानेवारी 2020 पासून तारांकित एसी मुळात 24 अंशांवर सुरू व्हावेत असा नियम आहे. पण छताचा पंखा सोबत असेल तर 26 अंश पुष्कळांना पुरतात, आणि ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने प्रत्येक अंशामागे सुमारे 6 टक्के वीज वाचते.

जुन्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीला आणि कूलरला मात्र होम असिस्टंटमधला ‘जेनेरिक थर्मोस्टॅट’ हा सॉफ्टवेअरमधला थर्मोस्टॅट योग्य ठरतो. त्याला एक सेन्सर आणि एक स्विच द्यायचा असतो. तो मुळात खोली गरम करण्यासाठी आहे असे धरून चालतो, म्हणून थंड करण्याचा पर्याय आवर्जून निवडावा. नाहीतर उकाडा वाढला की तो यंत्र बंद करतो. दोन्ही बाजूंची सवलत अर्धा अंश ठेवली, तर 28 च्या लक्ष्याला यंत्र 28.5 वर सुरू आणि 27.5 वर बंद होते. जुन्या एसीसाठी दोनदा चालू-बंद होण्यातला किमान कालावधी पाच मिनिटांपेक्षा कमी ठेवू नये.

कूलरकडे मी जरा जास्त लक्ष देतो, कारण माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याच्याइतके स्वस्त साधन दुसरे नाही. पंखा आणि पाण्याची मोटर यांना दोन वेगळे रिले, म्हणजे आदेशावर चालणारे विजेचे स्विच, द्यावेत. आधी मोटर सुरू करून पाचेक मिनिटे खस भिजू द्यावी आणि मगच पंखा लावावा, म्हणजे सुरुवातीचा गरम, धुळीचा झोत अंगावर येत नाही. बंद करतानाही आधी मोटर थांबवावी: त्यानंतर पंखा दहा मिनिटे चालू ठेवला की खस सुकते आणि कुबट वास धरत नाही. टाकीत फ्लोट स्विच बसवून पाणी संपताच मोटर थांबेल अशी सोयही करावी. बऱ्याच रिलेंना न्यूट्रल वायर लागते आणि जुन्या घरांत ती स्विचबोर्डपर्यंत आणलेली नसते, तेव्हा महाराणी रोडवर रिले घ्यायला जाण्यापूर्वी बोर्ड उघडवून पाहावा.

कूलर की एसी, हा निर्णय आर्द्रतेवर सोपवता येतो. बाहेर 41 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्याचे तापमान, म्हणजे बाष्पीभवनाने हवा जितकी थंड होऊ शकते ती सीमा, सुमारे 21 अंश असते; जुलैत 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेला तीच सीमा 27 च्या आसपास जाते. बाहेरच्या सेन्सरवरून हा आकडा काढावा आणि तो 24 च्या वर गेला की कूलरऐवजी एसी लावावा. त्याहून महत्त्वाचा नियम रात्रीचा आहे. माळव्यातल्या संध्याकाळी हवा लवकर थंड होते, पण वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभराची उष्णता मध्यरात्रीपर्यंत सोडत राहतो. बाहेरची हवा खोलीपेक्षा दोन अंशांनी थंड झाली की एसी थांबवून एक्झॉस्ट पंखा लावावा आणि खिडकी उघडण्याची सूचना द्यावी. खिडकीवर चुंबकी सेन्सर असेल तर ती उघडी असेपर्यंत एसीचा आदेश रोखता येतो.

खोल्यांचा अग्रक्रम घरातल्या माणसांच्या वेळेनुसार ठरवावा: दुपारी आजी-आजोबांची खोली, संध्याकाळी बैठक, रात्री झोपायच्या खोल्या. दोन एसी एकाच क्षणी सुरू होऊ नयेत म्हणून मध्ये दोन मिनिटांचे अंतर ठेवावे. मंजूर भार कमी असेल तर दुसरा एसी पहिल्याचा भार उतरेपर्यंत थांबवावा.

निपानियाकडच्या नव्या बंगल्यांत डक्टचे, म्हणजे नळांतून हवा फिरवणारे, एसी असतात. तिथे झडपांचे झोन खरोखर करता येतात. मात्र एका वेगाच्या यंत्रावर निम्म्याहून जास्त झडपा बंद केल्या तर हवेचा प्रवाह घटून कॉइलवर बर्फ धरू शकतो, म्हणून एक झोन कायम उघडा ठेवावा. व्हीआरएफ, म्हणजे बाहेरच्या एका युनिटवर अनेक खोल्या थंड करणारी, यंत्रणा असेल तर तिला होम असिस्टंटशी तारेने जोडणारा कंपनीचा मॉडबस गेटवे घ्यावा, ब्लास्टरच्या भानगडीत पडू नये.

मूळ रिमोट कुठेही लपवू नयेत. कोणी हाताने बदल केला की त्या खोलीचे स्वयंचलित नियम दोन तास बाजूला राहतील अशी सोय करावी. घरातल्या वडीलधाऱ्यांना यंत्राशी भांडत बसावे लागले, तर आठवड्याभरात सगळे बंद करून ठेवतील. शेवटी, जोडणी पूर्ण झाल्यावर दुपारी मेन स्विच एकदा बंद करून पुन्हा लावावा आणि पाहावे: सगळे रिले बंद अवस्थेत परत आले पाहिजेत, आणि कूलरची मोटर आपोआप सुरू होता कामा नये.