टाळेबंदीत घरबसल्या हसण्याची सोय कशी लावावी

कोरोनामुळे २०२० मध्ये २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा ती २१ दिवसांत आटोपेल असे आपण सारेच धरून चाललो होतो. २०२१ मध्ये आमच्या अमरावती जिल्ह्यात फेब्रुवारीतच पुन्हा टाळे लागले आणि एप्रिलपासून सगळ्या राज्यावर कडक निर्बंध आले, त्यामुळे पारावरची बैठक, चहाची टपरी आणि आठवडी बाजार ही खेड्यातली हसण्याची तिन्ही ठिकाणे बंद झाली. राहता राहिला मोबाइल. घरात माणसे सहा, स्मार्टफोन एक आणि रोजचा डेटा दीड जीबी अशी स्थिती असेल, तर उन्हाळ्यातल्या पाण्यासारखा विनोदही जपूनच वापरावा लागतो.

सर्वांत आधी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो आणि व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणे बंद करावे, नाहीतर निम्मा डेटा सकाळच्या गुलाबाच्या फुलांतच खर्ची पडतो. रात्री बाराला नवा डेटा सुरू होतो आणि उरलेला वाया जातो, म्हणून अकराच्या सुमारास, जेव्हा रेंजही बरी असते, तेव्हा घराच्या धाब्यावर (गच्चीवर) बाज टाकून दुसऱ्या दिवशीचे दोन-तीन व्हिडिओ यूट्यूबवर ऑफलाइन साठवून ठेवावेत. दुपारी पंचेचाळीस अंशांच्या उन्हात रेंज शोधायला वर चढणे शहाणपणाचे नाही.

काय साठवावे, हा खरा प्रश्न आहे. ज्याला भाषा लागत नाही ते आधी घ्यावे. शिकागोचे शेड मत्स्यालय मार्च २०२० मध्ये लोकांसाठी बंद झाले, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी पेंग्विनांना मोकळ्या दालनांतून फिरायला नेले. त्यांतला वेलिंग्टन नावाचा पेंग्विन काचेपलीकडचे मासे असे न्याहाळतो, जणू बाजारात भाव करायला आला आहे. भाषा लागणारी गंमत असेल, तर ती दाखवण्याआधी सांगावी लागते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ऑनलाइन सुनावणीच्या वेळी एका वकिलाच्या चेहऱ्यावर मांजराचे फिल्टर बसले, ते काही केल्या निघेना, आणि अखेर आपण मांजर नाही असे त्यांना न्यायाधीशांना सांगावे लागले. ज्याने शेताच्या धुऱ्याच्या (बांधाच्या) भांडणापायी तालुक्याच्या कोर्टात वर्षानुवर्षे तारखा खाल्ल्या आहेत, त्याला यातली गंमत इंग्रजीचा एक शब्द न कळताही पुरेपूर कळते. फक्त कोण न्यायाधीश आणि कोण वकील, एवढे आधी बोट ठेवून दाखवावे.

तथापि नुसते पाहण्यात दुपार जात नाही, म्हणून पाहिलेले करून पाहावे. त्यासाठी लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने मार्च २०२० मध्ये लोकांना दिलेले आव्हान फार सोयीचे आहे: एखादे प्रसिद्ध चित्र निवडायचे आणि घरातल्याच तीन वस्तू घेऊन ते हुबेहूब उभे करायचे. आम्ही २०२० मध्ये राजा रविवर्म्याचे हंस-दमयंती निवडले. दमयंती विदर्भाचीच राजकन्या, तिचे कुंडिनपूर म्हणजे आपल्या जिल्ह्यातले कौंडिण्यपूर, तेव्हा हक्कही आपलाच. सरकारी खरेदी थांबल्यामुळे मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस पडून होता. त्यातला ओंजळ-ओंजळ कापूस उशीवर रचून हंस केला, मान म्हणून पांढऱ्या दुपट्ट्याची सुरळी उभी केली आणि चोचीच्या जागी वाळलेली लाल मिरची खोचली. वहिनी लुगडे नेसून खांबाला टेकून उभ्या राहिल्या. फोटो निघणार एवढ्यात कूलरचा झोत आला आणि हंसाची पाठ उडून वहिनींच्या केसांत जाऊन बसली. आजीने चष्मा सावरून विचारले, “व माय, हा हंस होय का मेंढरू?” फोटो हललेला आला, तरी नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच सर्वांना आवडला. तेव्हा कूलर आधी बंद करावा. चित्र मात्र कॅलेंडरवरचेच घ्यावे, कारण मूळ माहीत नसेल तर नकलेला कोणी हसत नाही.

पुढे पाठवताना हात जरा आखडता घ्यावा. कोरोनाच्या लाटेत ज्या गल्लीत कोणी गेले असेल, त्या गल्लीच्या ग्रुपवर निदान तेरवीपर्यंत काहीही टाकू नये आणि आजारावरचा विनोद तर कुठेच टाकू नये. मेसेजवर दोन बाणांची खूण असेल, तर तो आधीच पुष्कळ फिरून आलेला असतो. अशा मेसेजला व्हॉट्सॲपने एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली आहे. अमुक काढ्याने रोग पळाला अशी थट्टा दोन हातांतून गेली की औषध होऊन परत येते, आणि मग ते घेणाऱ्याला समजावण्यात आठवडा जातो.

मोबाइलची मेमरी महिन्याभरात भरते. त्या वेळी जुने व्हिडिओ खुशाल पुसावेत, पण पुसण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्यावे. आमच्याकडे पेंग्विन पुसता येत नाही, कारण चार वाजता चहा झाला की आजी विचारते, “त्या पाखराले आज कुठी नेलं?” आणि दर वेळी तोच व्हिडिओ नवा म्हणून दाखवावा लागतो.