जुनी येझदी घेताय? या चुका टाळा, रंगाचं नंतर बघू

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी पोरगा नवीनच घेतलेली जुनी जावा नाहीतर येझदी मोटरसायकल माझ्या दारात आणून उभी करतो. पहिला प्रश्न ठरलेला, ‘काका, रंग कोणता मारू?’ गाडी अजून नावावर झालेली नसते, सायलेन्सरमधून पांढरा लोट निघत असतो, आणि याचं मरून की काळा चाललेलं असतं.

रंगाला मीही फसलोय. माझी पहिली येझदी सिन्नरकडून आणली. टाकी आरशासारखी, क्रोम चकचकीत, भाव बेताचा. आरसी बघितली, नाव बरोबर, साल बरोबर, पैसे मोजले. नाशिकला पेठ रोडच्या आरटीओत पेन्सिल घासून इंजिन नंबरचा ठसा काढला तेव्हा शेवटचे दोन आकडे आरसीशी जुळेनात. कधीतरी कुणीतरी दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकलं होतं. विकणारा म्हणाला, ‘मीपण अशीच घेतली होती.’ आठ महिने खेटे घातले आणि शेवटी गाडी पार्टसाठी विकून टाकली. चकचकीत टाकीचे तेवढे पैसे बरे आले.

तेव्हापासून गाडी बघायला जाताना खिशात चार वस्तू असतात: फडकं, जुना टूथब्रश, पेन्सिल, पातळ कागद. बाटलीभर पेट्रोल तिथेच मिळतं. फ्रेमच्या मानेवरचा आणि इंजिनच्या केसवरचा नंबर घासून स्वच्छ करायचा, ठसा काढायचा, एकेक आकडा आरसीशी लावायचा. मालक ‘एवढं काय बघता’ म्हणाला की चहा पिऊन घरी यायचं. नंबरवरच ताजा रंग दिसला तर चहासुद्धा नको.

कागदाचा हिशोब सोपा आहे. येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद झाला. म्हणजे अगदी शेवटच्या गाडीचीही 15 वर्षांची नोंदणी 2011 लाच संपली, आणि तिथून पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. ते केलेलं नसेल तर तो खर्च आणि हेलपाटे किमतीतून वजा करा. ‘व्हिंटेजमध्ये टाकू’ हा शॉर्टकट सुचवणारे खूप भेटतात. 2021 च्या नियमात त्यासाठी गाडी 50 वर्षांहून जुनी लागते, नोंदणीचे 20,000 रुपये पडतात, आणि ‘व्हीए’ अक्षरांची नंबरपाटी लागली की ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन नाहीतर रॅलीलाच. 1978 मध्ये आलेली येझदीची रोडकिंग 2028 च्या आधी त्यात बसतच नाही.

द्राक्षाच्या शेडमध्ये पडून असलेली गाडी ‘एकदम ओरिजिनल’ म्हणून मिळते. निफाड, पिंपळगावकडे अशा पुष्कळ आहेत. शेजारी मोरचुदाची, म्हणजे द्राक्षावरच्या फवाऱ्यातल्या कॉपर सल्फेटची, पोती होती का, ते विचारा. मोरचूद ओलाव्याबरोबर लोखंड खातं. एका गाडीच्या मडगार्डला वरून हात लावला तर ठीक होतं, खालून बोट आरपार गेलं.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. आयडलिंग वाढलं, अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली येत नाही, की सगळे कार्ब्युरेटरच्या मागे लागतात. स्क्रू फिरव, जेट बदल, ते नाही जमलं तर नवा कार्ब. मीही महिनाभर हेच केलं, एका गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून. मग मे महिन्यात मित्राला मागे बसवून कसाऱ्याहून घाट चढत होतो. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज कोरडा झाला, टिणटिण यायला लागली. मी म्हटलं, एवढं वळण काढू. वळणावरच मागचं चाक जाम झालं आणि टायर किंचाळला. क्लच दाबायचं सुचलं म्हणून दोघे उभे राहिलो. अर्ध्या तासाने किक सुटली, पण पिस्टनने सिलिंडरच्या आत, बोअरवर ओरखडे ओढलेले होतेच. गाडी पिकअपमध्ये घालून नाशिकला आणली.

सातपूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी कार्बकडे बघितलंसुद्धा नाही. मॅग्नेट साइडचं कव्हर काढलं, आतलं ऑइल सील बाहेर काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. रबर कसलं, काचेची बांगडी. नखाने दाबलं तर तुकडा पडला. येझदीसारख्या टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे इंजिनची खालची पेटी, हवाबंद असावी लागते. तिथून हवा ओढली की पेट्रोल आणि त्यात मिसळलेलं ऑइल दोन्ही कमी पडतात, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर उलटा प्रकार, गिअरचं ऑइल आत ओढलं जातं आणि मागून पांढरा धूर. चहा-भजीच्या पैशात येणारं सील मी वाचवलं आणि रीबोअर (सिलिंडर आतून घासून मोठा करणं), नवा पिस्टन, लेथची मजुरी भरत बसलो.

म्हणून गाडी घेतली की मी पहिल्या आठवड्यात दोन्ही सीलं बदलतो, चांगली असली तरी. बदलल्यावर मुद्दाम एक चढ काढून स्पार्क प्लगचं टोक बघतो. कॉफीच्या रंगाचा असला तर झोप लागते, पांढरा असला तर गाडी बाहेर काढत नाही. घाटात डाव्या हाताची दोन बोटं क्लचवरच.

बाकीचं थोडक्यात. पेट्रोलमध्ये मिसळायचं 2टी ऑइल डोळ्याने ओतू नका, मी लिटरमागे 40 मिली घालतो आणि माप औषधाच्या बाटलीचं वापरतो. 2018 नंतरच्या नव्या जावाचे इंजिन पार्ट जुनीला बसत नाहीत, विचारूही नका. पहिल्याच रविवारी गाडी पूर्ण उघडू नका. उघडणाऱ्याच्या घरी दोन गोण्या आणि एक बिस्किटाचा डबा उरतो, ते सगळं दिवाळीत विकायला निघतं, आणि डब्यातले नट कुठले ते त्यालाही आठवत नाही. एका वेळी एकच काम काढा, ते बंद करा, चालवा, मग पुढचं.

इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही आणि पाणी ओढतं. पंधरा दिवस गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्ब रिकामा होतो. पावसाळ्यात टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवतो, रिकाम्या टाकीत आतून गंज धरतो.

आणि दर रविवारी दोन मिनिटं स्टार्ट करून बंद करणं, ज्याला लोक ‘गाडी जिवंत ठेवणं’ म्हणतात, त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि तो आतून सडतो. मी सकाळी सहाला त्र्यंबक रस्त्याला लागतो, अंजनेरीला चहा घेतो आणि गर्दी सुरू व्हायच्या आत परत. तोवर सायलेन्सर पुरता तापलेला असतो.