नदीच्या गाळातून प्लास्टिकचे सूक्ष्म कण वेगळे कसे करावेत

बेळगाव जिल्ह्यातील कणकुंबीजवळ उगम पावणारी मलप्रभा नदी खानापूर भागातून तांबडा गाळ घेऊन येते, आणि पुढे सौंदत्तीच्या बाजूला त्याच नदीच्या गाळात काळी माती व चुनखडीचे खडे मिसळतात. या दोन गाळांना एकच कृती चालत नाही. आपल्या भागात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकातील पद्धत जशीच्या तशी उचलू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकला सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. वरचा 5 सेंटिमीटर गाळ स्टीलच्या थापीने काढून काचेच्या बरणीत भरावा आणि झाकणाखाली अॅल्युमिनियमची फॉइल लावावी. प्रयोगशाळेत तो 60 अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून 200 ग्रॅम घ्यावा. काळ्या मातीची ढेकळे दगडासारखी घट्ट होतात, पण ती खलबत्त्यात कुटू नयेत, कारण माती फुटते तसे प्लास्टिकही फुटते आणि कणांची संख्या उगीच वाढते. त्याऐवजी लिटरला 50 ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घातलेल्या पाण्यात गाळ रात्रभर भिजत ठेवावा. सकाळी बोटाने दाबताच ढेकूळ विरघळते. मग तो 5 मिलिमीटर आणि 0.3 मिलिमीटरच्या चाळण्यांतून धुवावा आणि खालच्या चाळणीवर राहिलेला भाग पुन्हा वाळवावा. याहून बारीक कण चिकणमातीबरोबर वाहून जातात, हे अहवालात स्पष्ट लिहावे.

खरी कसोटी तरंगवण्याची आहे. वाळूची घनता सुमारे 2.65 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते (पुढचे घनतेचे आकडेही याच एककात आहेत), तर लिटरभर पाण्यात सुमारे 360 ग्रॅम मीठ विरघळवलेल्या संपृक्त द्रावणाची 1.2. त्यावर पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिस्टायरीन वर येतात. मात्र पाण्याच्या बाटल्यांचे पीईटी आणि पॉलिएस्टरचे धागे, ज्यांची घनता सुमारे 1.38 आहे, तळाशीच राहतात. त्यांच्यासाठी 1.6 घनतेचे झिंक क्लोराइडचे द्रावण लागते. ते आम्लधर्मी असल्याने चुनखडीच्या गाळात फेस येतो आणि फेसाबरोबर मातीही वर चढते. म्हणून आधी चिमूटभर गाळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून पाहावे. बुडबुडे आले, तर सोडियम आयोडाइड वापरावे. परंतु त्याने सेल्युलोजचा गाळणकागद काळा पडतो, म्हणून काचतंतूचा घ्यावा. द्रावण पाच मिनिटे ढवळून झाकावे, रात्रभर निवळू द्यावे, वरचा थर गाळून घ्यावा आणि हीच क्रिया तीनदा करावी. झिंक क्लोराइड जलचरांना घातक आहे. ते गाळून पुन्हा वापरावे, बेसिनमध्ये कधीही ओतू नये.

वर आलेल्या थरात मुळांचे तुकडे आणि उसाच्या चोयट्याही असतात. ते नष्ट करण्यासाठी 0.05 मोलर लोह सल्फेट आणि 30 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड प्रत्येकी 20 मिलिलिटर घ्यावे. मिश्रण आपोआप तापते. बर्फाचे भांडे शेजारी ठेवून तापमान 60 अंशांखाली राखावे, हातमोजे व चष्मा घालावा आणि हे काम धूरकपाटातच, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटातच, करावे. तीव्र आम्ल टाळावे, कारण त्याने नायलॉन विरघळते.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना न दिसणारे, एकसारख्या जाडीचे आणि रंगाचे तंतू निवडावेत. शक्य तितक्या कणांची इन्फ्रारेड किंवा रामन वर्णपटाने खात्री करावी. एका थंडीत माझ्या कोऱ्या चाचणीत, म्हणजे गाळ न घालता केलेल्या संपूर्ण कृतीत, निळे तंतू सापडले. ते माझ्याच स्वेटरचे होते, आणि त्या आठवड्याची सगळी मोजणी मला रद्द करावी लागली. तेव्हापासून मी सुती कोट घालतो आणि प्रत्येक खेपेला कोरी चाचणी ठेवतो. त्याखेरीज स्वच्छ गाळात पॉलिथिन आणि पीईटीचे मोजून वीस-वीस रंगीत तुकडे घालून किती परत मिळतात ते पाहावे. कणसंख्या दर किलो कोरड्या गाळामागे नोंदवताना हे प्रमाण आणि कोऱ्या चाचणीतील संख्या तिच्याच शेजारी लिहावी.