बेकरीचा डिझेल बर्नर पेटत नसेल तर

बेळगाव जिल्ह्यात खानापूर, कणकुंबीकडे पाऊस लागला की बेकरीतल्या डिझेल ओव्हनचं एक दुखणं ठरलेलं: पंखा फिरतो, ज्योत धरत नाही आणि लाल दिवा लागून बर्नर लॉक होतो, म्हणजे आपणहून बंद पडतो. मग कारागीर रिसेटचं बटण दाबतच सुटतो. ते आधी थांबवा. दर खेपेला न जळलेलं डिझेल आत साचतं, आणि अखेर पेटलं की भडका उडतो. एकदा दाबून बघा, नाही पेटला तर मेन स्विच बंद.

आता टाकी. दमट हवेत तळाशी पाणी उतरतं. खालचा कॉक सोडून ते काढा, फिल्टर बदला. डिझेल पूर्ण संपलं होतं? मग पाइपात हवा शिरलीय, पंपाचा एअर स्क्रू सैल करून काढावी लागेल. ज्योत क्षणभर लागून विझत असेल तर बहुधा फोटोसेलवर, म्हणजे ज्योत ओळखणाऱ्या डोळ्यावर, काजळी आहे, मऊ कोरड्या फडक्यानं पुसा. ठिणगीच नसेल तर ती पाडणाऱ्या इलेक्ट्रोडवरचा कार्बन आणि तडकलेली चिनीमाती तपासा. इलेक्ट्रोडमधलं अंतर सहसा ३-४ मिमी, पण आपल्या बर्नरच्या पुस्तिकेतला आकडाच खरा. डिझेलचा फवारा मारणारी नोझल तारेनं कोरणारे मेकॅनिक आपल्याकडे पुष्कळ. भोक बिघडतं, फवारा वाकडा जातो. नवी बसवा, ती काही फार महाग नसते.