कोल्हापूरची तिसरी, जर्मनीतली दुसरी : मुलांच्या शाळाप्रवेशाचा आमचा अनुभव

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून कामासाठी जर्मनीला जाणारी माणसं कोल्हापूरला नवीन नाहीत. पूर्वी बहुतेक जण एकटे जायचे आणि काम संपलं की परत यायचे. आता बिऱ्हाडच हलतं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आमच्याकडेही विचारणा वाढली आहे. ऑगस्टच्या सुट्टीत आम्ही राजारामपुरीतल्या घरी आलो की ओळखीतलं कुणी ना कुणी भेटायला येतंच. व्हिसा, पगार, घरभाडं सगळं त्यांनी आधीच विचारून ठेवलेलं असतं. मुलांच्या शाळेचं मात्र "तिकडं गेल्यावर बघू" असतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आमचा अनुभव त्याच राज्यातल्या स्टुटगार्टजवळच्या एका गावातल्या सरकारी शाळेचा आहे. तिथं शिक्षण राज्यांच्या हातात असतं, त्यामुळे दुसऱ्या राज्यात काही नियम वेगळे भेटतील. बर्लिनमध्ये तर प्राथमिक शाळा चौथीऐवजी सहावीपर्यंत असते.

पहिली गोष्ट, तिथं शाळा निवडायला जायचं नसतं. आपल्याकडे आधी शाळा ठरते, मग रिक्षावाले काका ठरतात. तिथं आधी घर ठरतं आणि घराच्या पत्त्यावरून सरकारी प्राथमिक शाळा ठरते. त्यामुळे घर बघतानाच त्या पत्त्याला कुठली शाळा लागते, हे गावाच्या कार्यालयात विचारून घ्या. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. नोंदणीचा कागद हातात आला की शाळेत फोन करायचा. सरकारी शाळेला फी नाही. पाठ्यपुस्तकं शाळाच वापरायला देते, वर्ष संपलं की ती परत करायची. वह्या, पेनं, रंग आपले.

मूल शाळेत घालणं तिथं कायद्याने सक्तीचं आहे आणि घरी बसवून शिकवलेलं चालत नाही. कोल्हापूरकराला याचं नवल वाटायला नको. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. त्याच सक्तीमुळे प्रवेश मिळेल का, ही धास्ती तिथं बाळगावी लागत नाही. मूल कुठूनही आलेलं असो, भाषेचं अक्षरही येत नसो, त्याला जागा द्यावीच लागते.

आता कागदपत्रं. ही कामं इथूनच उरकून जा, कारण हजारो किलोमीटर अंतरावरून महापालिकेतली एक दुरुस्ती करून घेणं फार जिवावर येतं. जन्मदाखला काढून पासपोर्टशेजारी ठेवा आणि एकेक अक्षर जुळवा. सगळ्यात जास्त अडतं ते आईच्या नावापाशी. दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि तिथल्या कारकुनाला या दोन वेगळ्या बायका वाटतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडीला असलं की प्रश्न मिटतो. आपला दाखला मराठी-इंग्रजी असतो आणि आमच्या शाळेने इंग्रजी चालवून घेतलं. बाकीच्या कार्यालयांत जर्मन भाषांतर मागतात, तेही तिथल्या न्यायालयात शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडूनच केलेलं लागतं. शाळा सोडल्याचा दाखला आणि शेवटच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं बरोबर घ्या. गुणांसाठी त्यांचा फारसा उपयोग होत नाही, पण मूल कितवीपर्यंत शिकलंय हे त्यांवरून दिसतं.

आणि लसीकरणाचं कार्ड. आमच्या शाळेतल्या बाईंनी बाकीचे कागद भराभर उलटले आणि या कार्डापाशी थांबल्या. गोवराच्या ओळीवर बोट ठेवून दोन तारखा शोधत राहिल्या. १ मार्च २०२० पासून तिथं शाळा आणि बालवाडीसाठी गोवराच्या लशीचा पुरावा कायद्याने लागतो, दोन डोसांचा. बालवाडीच्या मुलाला पुराव्याशिवाय घेतच नाहीत. शाळेच्या मुलाला सक्तीमुळे बसू देतात, पण आरोग्य खात्याला कळवतात आणि दंड २५०० युरोपर्यंत जाऊ शकतो. आपल्याकडे सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाचे दोन डोस असतात, पहिला ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. म्हणजे बहुतेक मुलांना लस मिळालेली असते, अडतं ते कार्डावर. तारीख पुसट, नुसता लशीच्या कंपनीचा चिकटवलेला कागद, नाहीतर डॉक्टरांची सही तेवढी. म्हणून जाण्याआधी आपल्या बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि लेटरहेडवर इंग्रजीत टाईप करून घ्या : लशीचं नाव, कुठल्या रोगासाठी, तारीख, सही, शिक्का. दहा मिनिटांचं काम आहे.

आता ज्या गोष्टीवर घरोघरी वाद होतो ती. माझा मुलगा नोव्हेंबरचा. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात, तर बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ३० जूनपर्यंत. तिथं शाळा सुरू होते सप्टेंबरच्या मध्याला. त्यामुळे जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल आपल्या हिशेबाने तिथं एक इयत्ता मागे दिसतं. कोल्हापुरात तिसरी संपवून आम्ही मे महिन्यात पोचलो आणि मुख्याध्यापिकांनी त्याला दुसरीत बसवलं. फोनवर सासरे म्हणाले, "पोरगं हुशार हाय की, मग खाली का बसवलं? वर्ष वाया गेलं नव्हं?" त्यांचा जीव तुटत होता, हे मला कळत होतं. असाच प्रश्न मला दर सुट्टीत कुणीतरी विचारतं आणि काही पालक तर शाळेत जाऊन भांडतात, गणिताच्या वह्या दाखवून वरची इयत्ता मागतात.

माझं ऐकाल तर मागू नका. कारण चौथीनंतर तिथं वाटा फुटतात. मूल गिम्नाझियमला (विद्यापीठाकडे नेणारी शाळा) जाणार, रेआलशूलेला (दहावीपर्यंतची शाळा) जाणार की आणखी कुठल्या शाळेला, याची शिफारस चौथीत होते आणि त्यात जर्मन व गणित पाहिलं जातं. नऊ वर्षांच्या मुलाला वरच्या वर्गात ढकललं, तर भाषा अंगवळणी पडायच्या आत त्याचं पारडं तोललं जातं. माझ्या मुलाला दुसरीत बसवल्यामुळे चौथीच्या शेवटापर्यंत दोन वर्षांहून जास्त वेळ मिळाला. पहिल्या वर्षी वर्गात तो गप्प बसायचा, दुसऱ्या वर्षी हात वर करायला लागला. हा वेळ वाया गेलेला नाही, त्या वेळातच तो तिथला झाला. शिफारस मनासारखी आली नाही तरी पुढे एका शाळेतून दुसरीकडे जायचे रस्ते असतात, पण पहिल्यांदाच पुरेसा वेळ मिळाला तर मुलाची फरफट टळते.

भाषेसाठी अनेक शाळांत वेगळा तयारी वर्ग असतो. माझ्या मुलाच्या तयारी वर्गात सीरिया, युक्रेन, रुमानिया अशा ठिकाणांहून आलेली मुलं होती. पहिल्या आठवड्यात बाईंनी प्रत्येकाच्या गळ्यात चित्रांची छोटी कार्डं अडकवली होती : पाण्याचा पेला, शौचालय, पोटात दुखतंय, कळलं नाही. बोलता येईना तर कार्ड दाखवायचं. "कळलं नाही"चं कार्ड वापरून वापरून कोपऱ्यात फाटलं, तेव्हा बाईंनी त्याला चिकटपट्टी लावून दिली. गणित, चित्रकला, व्यायाम मात्र पहिल्या दिवसापासून नेहमीच्या वर्गासोबत. गणितात आपली मुलं पुढे असतात, पण तिथं दशांशाला स्वल्पविराम देतात, गुणाकाराला टिंब आणि भागाकाराला विसर्गासारखी खूण. एवढं आधी सांगून ठेवा, नाहीतर येत असलेलं गणित चुकतं. प्रगतिपुस्तकात १ म्हणजे सर्वात चांगला आणि ६ म्हणजे सर्वात वाईट, हे आजी-आजोबांनाही आधीच सांगा.

जमत असेल तर एप्रिलची परीक्षा झाली की लगेच निघा. मे ते जुलैअखेर मूल वर्गात नुसतं ऐकत बसतं, मग सुमारे सहा आठवड्यांची सुट्टी लागते आणि सप्टेंबरमध्ये सगळ्यांबरोबर नव्याने सुरुवात होते. प्राथमिक शाळा बऱ्याच ठिकाणी दुपारी बारा-साडेबाराला सुटते. दोघं नोकरी करणार असाल तर शाळेनंतरच्या सांभाळाची जागा प्रवेशाच्या दिवशीच मागा, तिला पैसे पडतात आणि प्रतीक्षायादीही असते. मूल आजारी असेल तर त्याच दिवशी सकाळी शाळेला कळवायचं. आणि शाळा चालू असताना परवानगीशिवाय सुट्टी नाही म्हणजे नाही, दंड होतो. दसरा चौकातल्या सोन्याला यायचं म्हणून आठवडाभर मूल घरी ठेवता येत नाही. दिवाळी ऑक्टोबरअखेरीच्या सुट्टीत आली तर ते वर्ष भाग्याचं.

इंटरनॅशनल शाळेचं म्हणाल, तर कंपनी फी भरणार असेल आणि दोन वर्षांत परत यायचं पक्कं असेल तरच. नाहीतर शेजारची मुलं एका शाळेत आणि आपलं दुसऱ्या, मग खेळायला कुणी मिळत नाही.

पहिल्या पालकसभेत मी घरी जर्मन बोलायला सुरुवात करू का, असं विचारलं होतं. बाईंनी स्पष्ट सांगितलं, घरी तुमचीच भाषा बोला, नीट आणि भरपूर बोला, जर्मनचं आम्ही बघतो. आम्ही तसंच केलं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात, रोज रात्री एक पान मोठ्याने वाचायचं असा नेम ठेवला आहे. धाकटी तर मराठी लिहायला तिकडेच शिकली, आणि या सुट्टीत तिने आजोबांना बिंदू चौकातून घरापर्यंत दुकानांच्या पाट्या वाचून दाखवल्या.