‘गो’ शिकताना

नव्याने इंग्रजी शिकणाऱ्यांना मी आधी ‘गो’ पक्का करायला सांगतो. अवघड शब्द आपण शब्दकोशात बघतोच. ‘गो’ म्हणजे जाणे, एवढ्यावर मात्र सोडून देतो आणि मग ऐकताना जागोजागी अडतो.

मला तो उमगला मराठीच्या आधाराने. आपल्याकडेही वीज जाते, आवाज बसतो तसा जातोही, कपड्याचा रंग जातो, वेळ जातो. ‘जा’चं ‘गेला’ हे रूप वेगळ्याच धातूवरून आलंय. ‘वेंट’सुद्धा मुळात ‘वेंड’ या दुसऱ्या क्रियापदाचा भूतकाळ. हे कळल्यावर ते रूप विचित्र वाटेनासं झालं.

सगळीकडे ही जोडी जमत नाही. ‘गो’पुढे विशेषण आलं की बहुतेकदा काहीतरी बिघडलेलं असतं: गो बॅड, गो ब्लाइंड, गो डेफ. पण दमण्याला ‘गेट टायर्ड’च म्हणतात. हे ऐकून ऐकूनच अंगवळणी पडतं.

सगळ्यात जास्त वेळ ‘गो ऑफ’ला द्या. ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे गजर वाजला. ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे गेले. ‘द बॉम्ब वेंट ऑफ’ म्हणजे बॉम्ब फुटला. ब्रिटिश बोलण्यात ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ म्हणजे दूध नासलं. एक सुरू होतं, दुसरं बंद पडतं, क्रियापद तेच! त्यामुळे सुटा अर्थ पाठ करण्यात हशील नाही. आधी कर्ता बघा, आणि वहीत अख्खं वाक्य उतरवा.

‘गॉन’ आणि ‘बीन’चा घोळ तर मराठीतच सुटतो. ‘शी हॅज गॉन टु लंडन’: ती लंडनला गेली आहे, अजून परतलेली नाही. ‘शी हॅज बीन टु लंडन’: ती लंडनला जाऊन आली आहे. म्हणूनच समोर बसून स्वतःबद्दल सांगताना ‘आय हॅव बीन’ म्हणायचं.

‘इट्स गोइंग टु रेन’मधलं ‘गोइंग टु’ म्हणजे आपलं ‘पडणार’मधलं ‘णार’. भराभर बोलताना त्याचं ‘गॉना’ होतं. लिहिताना, निदान अर्जात तरी, ते टाळा. आणि ‘गो होम’, ‘गो शॉपिंग’ यांत मध्ये ‘टु’ घालू नका. तो ‘गो टु द मार्केट’मध्ये लागतो.